मांडीवरची टाळी

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक उंच, सावळा तरुण येऊन बसला. त्याचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. मी मोबाईलवर लीगचा सामना बघत होतो. शेवटचं षटक सुरू होणार होतं आणि हरणारा संघ स्पर्धेबाहेर जाणार होता.

"भाऊ, मी बी देखू का?" त्यानं विचारलं.

मी मोबाईल मधोमध धरला. चेंडू एका नवख्या गोलंदाजाच्या हाती दिला गेला, तसा हा पुढं सरकला.

"मना खांदा निखळना, म्हणून याले मनी जागावर लिधं," तो म्हणाला.

"तुमच्या जागेवर घेतलं?" मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हंगामाच्या सुरुवातीला हाच चेहरा टीव्हीवर दिसला होता, तोही याच संघाच्या जर्सीत!

पहिल्याच चेंडूवर षटकार गेला. "घाबरू नको रे," हा पडद्याकडे बघत पुटपुटला. पुढं त्या नवख्यानं षटक सावरलं आणि शेवटच्या चेंडूवर मधला स्टंप उडवला. संघ वाचला. याला टाळी वाजवता येईना, म्हणून डाव्या हातानं तो आपल्या मांडीवरच थापट्या मारत सुटला.

मला राहवेना. "तो असाच खेळला तर तुमची जागा जाईल. वाईट नाही वाटत?"

"वाटस. रोज वाटस," तो हसला, पण डोळे भरले होते. "पण टीम मनीच शे ना!"

पारोळ्याला तो उतरला. त्याची बॅग खिडकीतून देताना मी नकळत उभा राहिलो होतो. बस सुटली, तरी बराच वेळ मला बसावंसं वाटलं नाही.