कच्च्या इतिवृत्तातला माणूस

"काका, आई इज गॉन." वसुधाताईंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी नेदरलंड्समधल्या फेल्डहोवनला घरातूनच ऑफिसची मीटिंग करत होतो. कोरोनाच्या निर्बंधांमुळे अंत्यविधीही लॅपटॉपवरच पाहिला. माझा आवाज बंद करायला विसरलो, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या जमलेल्या सगळ्यांनी ऐकल्या. ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "वरण तरी शिजलं का रे नीट?"

ताई नात्यातल्या नव्हेत, इथेच ओळख झालेल्या; लायडनला इतिहासाच्या अभ्यासक. हेगमधल्या अधिकाऱ्यांनी एका दूरच्या वसाहतीचं पुढच्या पन्नास वर्षांचं धोरण कसं ठरवलं, त्या बैठकांची इतिवृत्तं त्या वर्षानुवर्षं वाचत होत्या. शाळा कधी, रस्ते कधी, स्वराज्य कधी... ठरवणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ती वसाहत पाहिलेलीही नव्हती. "पण एक जण मध्येच म्हणतो, तिथल्या लोकांना कुणी विचारलंय का? पक्क्या प्रतीत हे वाक्य नाही बरं. कच्च्या प्रतीत आहे, त्यावर काट मारलेली. माझं पुस्तक त्या वाक्यावर उभं राहणार."

पहिल्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी त्या कागदांचे फोटो असलेलं कॅमेऱ्याचं कार्डच पोस्टानं पाठवलं, पानं नीट लावून दे म्हणून. मी पडलो हुशार इंजिनिअर! जवळपास सारखी दिसणारी पानं उडवणारा प्रोग्राम लिहिला, कार्ड पुसून मोकळं केलं आणि फुशारकीनं फोन लावला, "ताई, तुमचा निम्मा पसारा कमी केला!"



"गाढवा, त्या कच्च्या प्रती होत्या. मला एकदा विचारायचंस तरी!"

"अहो, सारख्याच दिसत होत्या..."

"त्या अधिकाऱ्यांनाही सगळं सारखंच दिसायचं. शोभला असतास त्यांच्यात."

मूळ कागद हेगच्या अभिलेखागारात, आणि ते बंद होतं. पुढे ताई आजारी पडल्या. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "उघडलं का रे?" उघडलं तेव्हा त्यांना जिना उतरवत नव्हता. "मी जातो" असं मी दोनदा म्हणालो, आणि दोन्ही वेळा कामाचं कारण काढलं. हे विनोदी करून सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात रजा काढून, मास्क लावून हेगला गेलो. खोक्यातली कच्ची प्रत सापडली. काट बारीक होती, वाक्य सहज वाचता येत होतं; बोलणाऱ्याचं नाव मात्र नव्हतं. त्या पानाशी कागदाची एक पट्टी होती आणि तिच्यावर ताईंचं तिरकं, घाईतलं अक्षर, पेन्सिलीत: "याचं नाव शोधायचं."

पानाच्या माथ्यावर हजर असलेल्या अकरा जणांची यादी आहे. पट्टी होती तिथेच ठेवून मी पहिलं नाव वहीत उतरवून घेतलं.