ताईंनी निवडलेलं पान

ग्वाल्हेरात मला धीर दिला तो कुंदाताईंनी. आज कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला आणि दाना ओली या गल्लीतलं त्यांचं वाचनालय आठवलं. शाळा अर्धवट सोडून मी लातूरहून इथे घरकामाला आले होते. एका शनिवारी सगळ्यांसमोर वाचायला ताईंनी मला एका दलित मुलीवरच्या किशोरकादंबरीतलं एक पान काढून दिलं.

"आडनाव काय गं तुझं?" एका काकांनी विचारलं.

"काका, गोष्टीतले मास्तरही हेच विचारतात. ऐका तर," ताई म्हणाल्या.

मास्तर त्या मुलीला दाराशी बसवतात. शाळेत मलाही तसंच बसवलं होतं. वाचता वाचता मी तिथेच थांबले.

"रुकू नको बेटा, आगे काय झालं?" काकाच म्हणाले.

ते पान ताईंनी मुद्दाम निवडलं होतं, हे आता कळतं. हल्ली त्यांना नीट दिसत नाही. एक दिवस मी माझी गोष्ट लिहीन आणि त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवीन.