सावत्र आईच्या तोंडचं वाक्य

भूत, करणी, अंगात येणं... असा मजकूर डेस्कवर आला की माझा एकच प्रश्न असायचा — पाहिलं कुणी? बहुतेक वेळा कुणीच पाहिलेलं नसायचं आणि बातमी तिथेच थांबायची. आता हे लिहिताना अवघड जातंय, कारण या वेळी पाहणारी मीच आहे.

जालन्यातल्या एका दैनिकातली नोकरी सुटल्यापासून मी गोष्टींच्या एका ॲपसाठी मजकूर दुरुस्त करते. सध्या तिथे एकच प्रकार चालतो. नायिका अपघातात मरते आणि तिने वाचलेल्या कादंबरीतल्या खलनायिकेच्या देहात जागी होते. शेवट तिला ठाऊक असतो — अपमान, हद्दपारी, नाहीतर फाशी. मग ती उद्धटपणे, थंड डोक्याने ते कथानकच मोडते. राजवाडे तेच, टोमणे तेच. वाचणाऱ्या बायकांना ही बाई इतकी का आवडते, ते मला कळत नव्हतं.

माझी भाची पल्लवी मंठ्याला दिलेली. ती हे सगळं वाचायची, भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून. या कजाग बाईत तुला काय दिसतं, असं मी तिला एकदा विचारलं.

"मावशी, चांगल्या बाईला रोज चांगलं राहावं लागतं," ती म्हणाली. "हिला एकदा वाईट म्हणून झालंय. मंग हिला आता कशाचं भेव?"

पल्लवी ही दुसरेपणाची. नवऱ्याची पहिली बायको रेखा आजारपणात गेली तेव्हा त्यांची मुलगी गौरी दुसरीत होती. रीतीप्रमाणे पल्लवीच्या गळ्यात रेखाच्या नावाचा चांदीचा टाक आहे. कुंकू आधी त्या टाकाला, मग स्वतःला. घरात रेखाचा विषय निघाला की 'लई तिखट जिभेची होती' एवढंच बोललं जायचं. पल्लवीने मात्र सासूपुढे कधी मान वर केली नाही.

यंदा गौरी बारावी झाली. तिला नर्सिंगसाठी जालन्याला यायचं होतं. सासूने तीर्थपुरीचं स्थळ आणलं. शेतीवाडी बरी, मुलगा धाकटा, मागणी काही नाही. पल्लवीची अडचण अशी, की हो म्हणावं तर सावत्र आईने पोरगी वाटेला लावली. नाही म्हणावं तर सावत्र आईने सोन्यासारखं स्थळ मोडलं. दोन्हीकडून वाईट तीच. तिने मला बोलावून घेतलं. तू असलीस तर माझ्याच्यानं बोलणं होईल, म्हणाली.

घर मार्केट यार्डाच्या मागे. भर दुपार, पुढच्या खोलीत कूलर लावलेला. पाहुण्यांत मुलगा, त्याचे वडील आणि आई सुमनबाई. गौरी समोर बसलेली. सुमनबाई तिला पुरणपोळी येते का, वगैरे विचारत होत्या. मी दाराजवळच्या खुर्चीत होते. पल्लवी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तो तिने खाली ठेवला नाही. तशीच उभी राहून, आवाज न चढवता, सुमनबाईंना म्हणाली —

"धुरपदाक्का, थोरल्या सुनेचं काय केलं ते सांग आधी. मंग माझ्या लेकीकडं बघ."

कूलर तेवढा चालू होता. सुमनबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, पल्लवीकडे एकटक पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "रेखा... तू?"

पाहुणे लगेच उठले. पोह्यांना कुणी हात लावला नाही. एक कजाग गेली तर दुसरी आली, असं सासू भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

मी पल्लवीला स्वयंपाकघरात गाठलं. धुरपदा कोण, तिला माहीत नव्हतं. थोरली सून? तेही नाही. ती ओट्याला टेकून खाली बसली होती, ताप उतरल्यावर माणूस बसतं तशी.

"तुझ्या गोष्टीतलं वाक्य पाठ केल्तं मी," ती म्हणाली. "'हा विवाह मला मान्य नाही.' आठ दिवसांपासून घोकून राह्यले. तोंड उघडलं अन् ते आलंच न्हाई."

ते वाक्य मीच दुरुस्त केलेलं होतं. दुरुस्त करूनही ते कृत्रिमच राहिलं होतं.

मग सवयीने पडताळणी केली. रेखाच्या भावाने फोनवर सांगितलं, की सुमनबाईंचं माहेर त्यांच्याच गावचं. लग्नात नाव बदललं, त्याआधी त्या धुरपदा. रेखा लहानपणी त्यांच्या अंगणात खेळायची. पल्लवीशी मात्र तो कधी बोललेला नव्हता. गौरीला, तिच्या वडिलांना हे नाव नवीन होतं. तरी एवढ्यावर मी म्हटलं असतं, कुठून तरी कानावर आलं असेल.

पण थोरली सून? तीर्थपुरीच्या ओळखीच्या वार्ताहराने चौकशी केली. ती त्या घरातून दिसेनाशी झाली आहे. विचारलं की माहेरी आहे म्हणतात. माहेरी ती नाही. तिच्या आईवडिलांना गाठून तक्रार द्यायला लावा, असं मी त्याला सांगितलं आहे. आणि तिचं लग्नच मुळात रेखा गेल्यानंतरचं. म्हणजे धुरपदा हे नाव पल्लवीला कळण्याची वाट नव्हती, आणि सुनेची गोष्ट तर रेखालाही कळण्याची नव्हती.

गौरी आता जालन्यात माझ्याकडे राहून शिकते. मंठ्यात पल्लवीला 'रेखाच्या वरताण' म्हणतात. सासूने तिच्याशी बोलणं टाकलं आहे. पल्लवीने ते ॲप फोनमधून काढलं. आता वाचायला जीव होत नाही म्हणते.

त्या दुपारचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधायचं म्हटलं तर आता थकवाच येतो. 'माझी लेक' म्हणणारी नक्की कोण होती, असं मी पल्लवीला परवा सरळच विचारलं.

"कुणी का असंना, मावशी," ती म्हणाली. "खोटं तर न्हाई ना बोललं."