माझ्या हाताचं स्टॅटिक

सरांनी माझ्या हातातून प्रोग्रामर घेतला आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. आधी डबी, मग वायर, मग टोकाच्या सहा पिना. माझ्यासमोर. सावकाश. सकाळी तोच प्रोग्रामर बाजूच्या टेबलावरच्या वंदनाताईंनी वापरला होता. तेव्हा पुसला नव्हता.

"तुझ्या हाताला स्टॅटिक असतं," सर म्हणाले. "चिप मरते त्यानं."

वर्ध्याच्या एमआयडीसीतलं सरांचं लहानसं युनिट. शेतातली मोटार आपोआप चालू-बंद करणारे बोर्ड आम्ही बनवायचो. बोर्डावर एक कोरी चिप. प्रोग्रामर नावाच्या त्या डबीची एक वायर कॉम्प्युटरला लावायची, दुसरीच्या पिना बोर्डावरच्या सहा छिद्रांत. प्रोग्राम आत उतरेपर्यंत घट्ट धरून ठेवायचं. हात हलला की पुन्हा पहिल्यापासून. हे माझं काम. आयटीआय झालेली, हात स्थिर, म्हणून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "अल्लीपूरची? अल्लीपुरात कुठं?" मी वस्तीचं नाव सांगितलं. वस्ती सांगितली की जात वेगळी सांगावी लागत नाही. सर "अच्छा" म्हणाले. तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून स्पिरिट.

आणि मी काय केलं? विश्वास ठेवला. हे सांगताना अजून लाज वाटते. नायलॉनची ओढणी टाकून सुती घेतली. बांगड्या काढल्या. जेवणाच्या सुट्टीत साबणानं हात घासायचे, कातडी सोलेपर्यंत. आईनं विचारलं, "हात काऊन असे झाले वं?" मी म्हटलं, "कामानं."

स्टॅटिक, म्हणजे अंगावर साचणारी वीज, खोटं नसतं. आयटीआयत शिकले होते. त्यासाठी मनगटाला पट्टा बांधतात. सगळ्यांच्याच मनगटाला. आमच्याकडे एकही पट्टा नव्हता. शिकलेलं होतं, तरी मी ते सरांसमोर विसरून जायची.

मग नवे बोर्ड आले. डिझाइन सरांचं स्वतःचं. पहिला बोर्ड लावला. स्क्रीनवर आलं, चिप सापडत नाही. दुसरा. तिसरा. आख्खा ट्रे तसाच.

सर आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "लावलास ना हात? आख्खा ट्रे मारून टाकला. ह्या लोकांना मशीनवर बसवायलाच नको होतं."

ह्या लोकांना.

वंदनाताईंनी मान खाली घातली. सर केबिनमध्ये गेले. माझं डोकं पहिल्यांदाच चालू लागलं. कोपऱ्यात बोर्डांचं एक सीलबंद पाकीट होतं, माझा हात न लागलेलं. मी ते हातात न घेता वंदनाताईंना दाखवलं.

"ताई, हे तुमी फोडा. तुमीच लावा."

त्यांनी फोडलं. लावलं. चिप सापडत नाही.

मी जोडणी तपासायचं मीटर घेतलं. त्याचं एक टोक छिद्रावर, दुसरं चिपच्या पायावर. जिथं बीप वाजायला हवा तिथं शांत. भलत्याच पायावर बीप. बोर्डावर तांब्याच्या दोन वाटा एकमेकींच्या जागी गेल्या होत्या, चिपकडे जाणारी आणि चिपकडून येणारी. मी प्रोग्रामरच्या वायरमधल्या त्या दोन तारा कापल्या, अदलाबदल करून कथलाचा डाग दिला, पिना लावल्या. प्रोग्राम सरसर उतरला. मग सगळा ट्रे. एकही चिप मेलेली नव्हती.

सर मागे उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं एक कागद घेऊन आले. माल उशिरा का जातोय, ते नागपूरच्या गिऱ्हाइकाला कळवायचं होतं. लिहिलं होतं, 'कारण: ऑपरेटरची चुकीची हाताळणी.'

"सही कर. फॉर्मॅलिटी आहे. तुझी नोकरी कुठं जात नाही."

कामावर मी पुस्तकातलं मराठी बोलायची. त्या क्षणी घरचं तोंडात आलं.

"नाई करत. बोर्ड तुमी काढला, सर. वाटा तुमी उलट्या नेल्या. माह्या हातानं एक बी चिप मेली नाई."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाई येत. पण सगळ्यायच्या मागून पुसलं असतं त मी काईच म्हटलं नसतं. माह्याच मागून काऊन पुसत होते?"

सर कॉम्प्युटरकडे वळले.

मी त्या कागदावरचं कारण खोडलं, खरं लिहिलं, खाली पूर्ण नावानं सही केली आणि कागद मालाच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवला. त्यांनी नंतर काढून टाकला असेल. मी लिहिला होता.

वंदनाताई गेटपर्यंत आल्या. "चुकलं वं माह्यं. मी बोलाले पायजे होतं."

"हो," मी म्हटलं. "पायजे होतं."

आता सेलूला एका दुकानात बोर्ड दुरुस्त करते. रविवारी बोर्डाचं डिझाइन शिकते. यापुढे कोणी म्हणालं, तुझ्यामुळे बिघडलं, तर पुरावा टेबलावर मांडायला लावीन. नसला तर माफी. आरोप जितक्या मोठ्यानं केला, तितक्याच मोठ्यानं, तितक्याच लोकांसमोर. केबिनमध्ये बोलावून मागितलेली माफी मी घेणार नाही.