आजचा शब्द विचारल्याशिवाय नाही

माझी शेवटची पोस्टिंग चंद्रपूरला झाली. तिचा हुकूम कोणी काढला नाही, मीच काढला. सतरा वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो तेव्हा वय सदतीस. गाव नागभीडजवळ. बाप तलावात मासे धरायचा, थोडी धानाची शेती. पेन्शन लागली आणि आठवड्याच्या आत गावातले चार शहाणे दारात हजर.

"चंद्रपूरले एखाद्या कंपनीच्या गेटवर लागून जा न भाऊ. फौजी माणसाले पटकन घेतात."

गेटची नोकरी वाईट नाही. पण मला न विचारता सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, त्याचा राग आला. रेडिओ सेट, कोड आणि शेवटची चार वर्षं कॉम्प्युटर नेटवर्क, हे माझं काम होतं. मी सांगून टाकलं, गेटवर उभा राहणार नाही. मी नेटवर्कच राखणार.

नागपूरला सायबर सिक्युरिटीचा कोर्स लावला. वर्गात मी सोडून सगळे विशीतले. मला "अंकल" म्हणायचे. पुस्तकं इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी सेटवर बोलण्यापुरतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान वाचलं. परीक्षेत पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदाही नापास. बायको म्हणाली, "आता पुरे करा." म्हटलं, "तिसरी देऊन राह्यलो." तिसऱ्यांदा पास झालो.

चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्यात मुलाखत होती. समोरच्या साहेबांनी कागदावरचा 'सिक्युरिटी' शब्द वाचला, माझ्या मिशा पाहिल्या आणि म्हणाले, "गार्डच्या जागा भरल्या."

"साहेब, तुमच्या सर्व्हरचा पासवर्ड समोरच्या भिंतीवर चिकटवला आहे. इथून वाचता येतो."

दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं.

पहिल्याच महिन्यात मी फौजी पद्धती लावल्या. रोज सकाळी आठला प्रत्येक टेबलावर त्या दिवसाचा एक शब्द जायचा. फोनवर कोणी कॉम्प्युटरबद्दल काही करायला सांगितलं, तर आधी त्याला आजचा शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर फोन ठेवायचा आणि मला कळवायचं. फौजेत याला चॅलेंज म्हणतात. दुसरं, डायलिसिसच्या प्रत्येक पेशंटचं वजन आणि मशीनचं सेटिंग रोज सकाळी कागदावर छापून वॉर्डात ठेवायचं. तिसरं, सगळ्या माहितीची एक कॉपी नेटवर्कपासून तोडून कपाटात बंद. स्टाफ हसायचा. त्या छापील कागदांना त्यांनी नाव ठेवलं, फौजी रद्दी.

तो सोमवार होता, ओपीडी भरलेली. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी रजिस्ट्रेशनच्या वर्षाबाईंचा फोन आला.

"भाऊ, माह्या फायली उघडून नाई राह्यल्या. नावंच बदलली सगळ्यांची."

"कोणाचा फोन आला होता?"

"हो."

"शब्द विचारला?"

"नाई, भाऊ."

मी फोन ठेवला आणि धावलो. दहा बावन्नला सर्व्हर रूममधली मुख्य केबल उपटली. मग एकेका मजल्याचं कनेक्शन तोडलं. पूर्ण दवाखाना अंधारात गेल्यासारखा झाला, म्हणजे दिवे चालू होते, पण एकही स्क्रीन कामाची नव्हती.

डॉक्टरसाहेब, म्हणजे दवाखान्याचे मालक, खाली आले. "कोणी बंद केलं?"

"मी."

"लगेच चालू करा. बाहेर दीडशे पेशंट बसले आहेत."

"नाही होणार. चोर आत आहे. केबल लावली तर सर्व्हरही जाईल."

"हा माझा हुकूम आहे."

"लेखी द्या साहेब. खाली सही, वेळ टाका. तरी मी लावणार नाही, पण कागद राहील."

ते लाल झाले. "संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर उद्यापासून येऊ नका."

"ठीक आहे. संध्याकाळपर्यंत मला काम करू द्या."

डायलिसिसच्या मशीन स्वतंत्र चालतात, त्यांना नेटवर्क लागत नाही. लागतात आकडे. वॉर्डातल्या सिस्टरनी फौजी रद्दी काढली आणि एकही पेशंट परत गेला नाही. मूल गावाकडचे एक म्हातारे मामा खाटेवरून म्हणाले, "आज कॉम्प्युटरले सुट्टी दिसते. बरं झालं, सिस्टर माह्याकडं पाहून तं राह्यली." ओपीडीचे केसपेपर हातानं लिहिले. दुपारभर मी एकेक कॉम्प्युटर तपासला. सहा गेलेले होते. सर्व्हर शाबूत. कपाटातली कॉपी काढून ताडून पाहिली आणि सतरा चाळीसला, म्हणजे संध्याकाळी पाच चाळीसला, सिस्टम पुन्हा उभी केली.

मग वर्षाबाईंना विचारलं, झालं काय.

"तो म्हणे, बाई, मी राजुऱ्याहून बोलून राह्यलो, मशीनवाल्या कंपनीतून. लिंक पाठवली, तेवढी दाबा. भाऊ, आपल्याच बोलीत बोलला न तो. हिंदी-इंग्रजीवाला असता तं मी फोनच आपटला असता. आपल्याच इकडच्या माणसाले शब्द कायले विचाराचा, असं वाटलं."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. कारण ही चूक मला पाठ होती.

डॉक्टरसाहेबांनी माझ्या नोकरीचं काही काढलं नाही. म्हणाले, "त्या बाईला उद्या काढून टाकतो."

"मग मलाही काढा."

"तुमचा काय संबंध?"

"हीच चूक मी केली आहे साहेब. फौजेनं माझ्या कागदावर लाल शाईनं शिक्षा लिहिली, पण काढलं नाही. त्या दिवसापासून मी एकदाही चॅलेंज चुकवला नाही. तुम्ही बाईंना काढाल, उद्या नवी बाई आणाल, आणि ती हीच चूक पहिल्यापासून करेल."

वर्षाबाई राहिल्या. शनिवारी सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बसवलं आणि ज्याबद्दल मी फौजेबाहेर कधी तोंड उघडलं नव्हतं, ते सांगितलं.

सरहद्दीवर आमची एक पुढची चौकी होती. तिथं सेटवर नायक गुलाब मडावी, कुरखेड्याकडचा. मी मागे, बेसवर. पलटणीत झाडी, म्हणजे आमच्या इकडची बोली, बोलणारे आम्ही दोघंच. आमची बोली म्हणजे आमचा कोड, असं आम्ही मानायचो. त्या दिवशी सकाळी सहापासून रेडिओ सायलेन्सचा हुकूम होता, म्हणजे सेटवर कोणीच बोलायचं नाही. अकरा दहाला सेट वाजला. पलीकडं गुलाब.

"काऊन बे नागभीड, झोपला का?"

मी चॅलेंज द्यायला हवा होता. निदान 'आउट' म्हणून सेट बंद करायला हवा होता. पण आवाज ओळखीचा, बोली घरची.

"बोल बे."

"घरून काही कळलं का? धानाचा रोवणा झाला का आमचा?"

त्याच्या बायकोचा निरोप दोन दिवसांपासून माझ्याकडं पडून होता. म्हटलं, "झाला. दोन्ही बांध्या झाल्या. पाणी बरं आहे म्हणे. सुमनवैनीनं सांगतलं, काळजी नोको करू."

"बस. मंग झालं."

एकूण चाळीस सेकंद. मी उत्तर दिलं नसतं, तर तो पुढं बोललाच नसता. शत्रूला बोली कळायची गरजच नव्हती. सेटचा सिग्नल कुठून निघतो, तेवढं मोजलं की पुरे. अकरा बत्तीसला चौकीवर गोळे पडले, कोणी वाचलं नाही. चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. त्या बोलण्यामुळेच झालं, असं सिद्ध झालं नाही. नाही झालं, असंही सिद्ध झालं नाही.

हॉलमध्ये वर्षाबाईंनी विचारलं, "त्याच्या घरी सांगतलं का, भाऊ?"

"नाही."

"मंग आमाले काऊन सांगून राह्यले?"

रविवारी कुरखेड्याची बस धरली.

सुमनवैनी अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, वेळांसकट, काही न लपवता. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे माहा निरोप त्याले पोचला होता?"

"हो वैनी."

"मले वाटे, तो काळजीतच गेला. नऊ वर्षं मले तेच वाटे." त्या खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं सरळ पाहिलं. "निरोप पोचला, बरं झालं. पण तुमी बोलाले नाई पाह्यजे होतं, भाऊ."

"नाई पाह्यजे होतं, वैनी."

त्यांनी पाणी दिलं. मी प्यालो आणि पाचच्या बसनं निघालो.

सोमवारी सकाळी पहिला फोन डॉक्टरसाहेबांचा. "माझं लॉगिन उघडून द्या, घाई आहे."

"आजचा शब्द?"

"अहो, मी बोलतोय! आवाज ओळखत नाही का?"

"ओळखतो साहेब. म्हणूनच विचारून राह्यलो."

ते चिडले, पण कागद शोधून शब्द सांगितला. मी लॉगिन उघडून दिलं.

नायक गुलाब मडावी. लान्स नायक तंगराज. शिपाई हरजीत. त्या चौकीवर तिघं होते. रोज आठला शब्द वाटण्याआधी मी ही तीन नावं घेतो. मग फोन उचलतो. पलीकडं मालक असो, माझी सख्खी बहीण असो, की आमच्याच बोलीत बोलणारा कोणी असो, आधी शब्द.