पुंडलिकनगरची पोरगी त्यांना कशाला हवी?

आमची नात प्रेरणा सहा वर्षांची होती तवापासून पुंडलिकनगरात घराच्या मागच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारायची. भिंतीचा गिलावा गेला, पण पोरीचा हात बसला. परवा तिला अमेरिकेच्या एका कॉलेजाचं बोलावणं आलं! शिक्षण फुकट, त्यांच्या संघाकडून खेळायचं. माझा लेक धम्मपाल म्हणाला, "फसवणूक असंल. पाठवायची नाय." पोरगी रडकुंडीला आली.

तिथल्या कोचबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तशी मीच पुढं सरकले. "इचार गं त्यांना, तुमच्याकडं पोरी नायत व्हय?"

प्रेरणानं विचारलं अन् मला सांगितलं, "आजी, पोरी आहेत, पण लई चांगल्या खेळणाऱ्या थोड्या अन् कॉलेजं शेकडो. जिंकायचं तर सगळ्यांनाच. म्हणून तयार खेळाडू जगभरातून शोधून आणतात."

मी मांडीवर थाप मारली. "धम्मा, भीमजयंतीला आपली गल्ली वैजापूरची गायन पार्टी कशाला आणती रं? आपल्याला गाता येत नाय म्हणून?"

"पलीकडच्या गल्लीपेक्षा भारी कार्यक्रम व्हावा म्हणून," धम्मपाल ओशाळून हसला. "जाऊ दे तिला."

प्रेरणानं उडी मारली ती थेट माझ्या गळ्यात. त्या हिसक्यानं माझी कंबर धरली, पण म्हणलं, धरू दे!