घरमालकाले पत्र

सरानं माझा कागद दोन बोटांत धरला, जसा नालीतून काढला. धरमपेठेतला इंग्रजीचा क्लास. सारे विदेशात जाणारे पोट्टे-पोट्ट्या. मी नर्स, ड्युटी संपवून थेट आलेली. परीक्षेतला प्रश्न होता: छत गळते, घरमालकाले तक्रारीचं पत्र लिहा.

माझी पहिली ओळ त्यानं भिकाऱ्याचा आवाज काढून वाचली. "आय मोस्ट हम्बली बेग..."

क्लास हसला.

"टोन चुकला. भाडं देतेस ना? मग भीक कशाला मागतेस?"

"सर, मले शाळेत असंच शिकवलं."

"मले! आधी मराठी सुधार."

पुन्हा हसले.

माझ्या गावी, कुहीच्या शाळेत, शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही असेच लिहायचो. हात जोडलेली इंग्रजी. या सराच्या घराण्यात कोणी अर्ज घेऊन उभं राहिलं नसन. सारे अर्ज घेणारे.

"पुन्हा लिही. खऱ्या घरमालकाला लिहितेस असं समज."

खरा घरमालक भेटला होता मले. इथूनच दोन गल्ल्या पुढं. खोली दाखवली, चावी हातात देतच होता, तेवढ्यात आडनाव विचारलं. चावी खिशात गेली. "अरे, भाचा येणार आहे, विसरलोच." म्हणून मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सक्करदऱ्याहून जाणं-येणं करून राहिली होती.

त्यालेच लिहिलं. इंग्रजीत. भाचा कोणी आला नाही. माझं आडनाव ऐकून तुम्ही चावी परत घेतली. तुम्ही खोटं बोलले. कारण सांगा.

हे पत्र सरानं मोठ्यानं वाचलं नाही. लाल पेन फिरवला.

"फार कडू आहे. सॉफ्ट कर. आणि जातबीत इथे आणू नकोस."

"जात कुठं लिहिली मी?"

त्यानं कागद पुन्हा पाह्यला. शब्द नव्हताच. त्याच्याच डोक्यातून आला होता.

"नम्र लिहिलं तं भिकारी, खरं लिहिलं तं कडू. मी कोणत्या टोनमधी चालते तुम्हाले?"

"आवाज खाली कर."

"नाही करत."

लगेच दुसऱ्या पोरीचा कागद उचलला त्यानं. पळपुटा. एवढीच त्याची विद्या.

क्लास सुटला तशी मी ते पत्र घेऊन त्या घरमालकाच्या दारात गेली. बेल दाबली. त्यानं उभ्या उभ्या वाचलं, तोंड पडलं, दार लावून घेतलं.

लावू दे. परीक्षा मी देणार, पासही होणार. मार्कांसाठी लागते तो टोन मले येते. पण माणसापुढं वाकणं खतम. यापुढं कोणी खोली नाकारली, तं कारण मी तिथंच मागीन. दारात उभी राहून, लेखी.